स्टार्व्ड रॉकला जाताय? आधी पाऊस बघा

शिकागोहून दीड-दोन तास गाडी चालवून इलिनॉय नदीकाठचं स्टार्व्ड रॉक स्टेट पार्क गाठावं, तर पार्किंग फुल्ल आणि धबधबा कोरडा, असं पुष्कळांचं होतं.

१. तारीख आधी पक्की करू नका. इथले धबधबे पावसावर आणि वितळत्या बर्फावर वाहतात. एप्रिल-मेमध्ये दणकून पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळीच निघा. भर उन्हाळ्यात बऱ्याचदा कड्यावर नुसती ओल दिसते.

२. व्हिजिटर सेंटरच्या पार्किंगचा नाद सोडा. रूट १७८ वरून सेंट लुईस कॅनियनला (कॅनियन म्हणजे खोल घळ), नाहीतर रूट ७१ वरून ओटावा कॅनियनला जा. दोन्हीकडे वेगळं पार्किंग आहे.

३. मुख्य खडक दुपारनंतर चढा, तोवर गर्दी ओसरू लागते. माथ्यावर १६८२-८३ च्या हिवाळ्यात फ्रेंचांनी किल्ला बांधला होता, आणि नदीपलीकडे कास्कास्किया या मूळनिवासी जमातीचं मोठं गाव होतं. तिथून ते सगळं मुलांना बोटाने दाखवता येतं. माझ्या मते ही जागा चुकवूच नये.

एक मात्र सांभाळा: पावसानंतर वालुकाश्म फार निसरडा होतो. फोटोसाठी पायवाट सोडून कड्याच्या टोकाशी अजिबात जाऊ नका.