दुनळी खुळखुळतेय? आधी काजळी, मग कानस

आजोबांची बाराबोर दुनळी कपाटातून काढली, हलवली आणि खुळखुळ ऐकू आली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडे द्या, घट्ट करून देईल.’ त्याच्या हातात कसब असेलही, पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूकदुरुस्तीला स्वतंत्र परवाना लागतो. तेव्हा तपासणी घरी करा आणि काम परवानाधारक कारागिराकडे द्या. त्याने काय करायला हवं, हे मात्र तुम्हाला ठाऊक असू द्या.

आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता नळीखालचा पुढचा लाकडी भाग काढा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फसतात, कारण तो भाग नळ्या दाबून धरतो, त्यामुळे ढिलेपणा झाकला जातो. बंदूक बंद करून एका हातात दस्ता, दुसऱ्यात नळ्या धरा आणि वर-खाली व डावीकडे-उजवीकडे हलवा. मग ट्यूबलाइटसमोर आडवी धरून नळ्यांचं मागचं तोंड आणि त्यामागची लोखंडी भिंत यांच्यामधून उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसला तर काडतुसाच्या बुडाला पुरता आधार नाही. अशी बंदूक चालवू नका. प्रत्येक बाराला नळ्यांना धक्का बसतो आणि फट आणखी वाढते.

वरच्या लिव्हरकडेही नजर टाका. चांगल्या बंदुकीत ती बंद झाल्यावर मध्यापासून किंचित उजवीकडे थांबते. मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल, तर कुलपाचा खटका झिजलाय.

झीज बहुधा आकडीत असते. नळ्यांखालच्या लोखंडी ठोकळ्याला पुढे अर्धगोल खाच असते. तीच ही आकडी. ती बिजागरीच्या खिळीवर टेकते आणि नळ्या तिच्यावरच फिरतात. आकडी किंवा खीळ झिजली की नळ्या भिंतीपासून पुढे सरकतात.

इथेच हातोडीवाले भेटतात. ठोकळ्याच्या कडा ठोकून पसरवायच्या, आकडीत पंचने टिंबं पाडायची किंवा पितळी पत्र्याचा तुकडा चिकटवायचा. बंदूक त्या दिवशी घट्ट वाटते, पण ती टोकं थोड्याच बारांत चपटी होतात. शिवाय ठोकलेला ठोकळा पुढच्या चांगल्या कारागिराला आधी सरळ करावा लागतो, ते वेगळंच. असं काम करून आणलेली बंदूक कुणी ‘एकदम टाइट’ म्हणून विकायला काढली, तर मी हात जोडतो.

खरी दुरुस्ती अशी. खीळ निघणारी असेल, तर किंचित जाड खीळ बसवून आकडी तिला जुळवतात. काही बंदुकांत खीळ सांगाड्याशी एकसंध असते. तिथे आकडीत पोलादाचा नवा तुकडा बसवतात किंवा टिग वेल्डिंगने धातू भरतात. दोन नळ्यांमधली लांब पट्टी नळ्यांना मऊ, कमी उष्णतेत वितळणाऱ्या डागाने जोडलेली असते, त्यामुळे उष्णता आवरावी लागते. नाहीतर पट्टी सुटते. मग काजळी धरून कानशीचं काम. दिव्याची काजळी आकडीला लावायची, बंदूक बंद करून उघडायची आणि जिथे घासल्याची चमक दिसते तिथलाच उंचवटा हलक्या हाताने उतरवायचा. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. यात तासन्‌तास जातात. नळ्या भिंतीला नीट भिडल्यावरच कुलपाच्या खटक्याकडे वळायचं. उलट क्रम केला, तर कुलूप चुकीच्या जागी घट्ट होतं.

कारागिराला विचारा: ‘आकडीत धातू कसा भरणार?’ ‘ठोकून बसवू,’ असं उत्तर आलं, तर बंदूक उचला.

दुरुस्तीनंतर काडतुसाची लांबी तपासा. जुन्या विलायती दुनळ्यांचं घर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, बहुधा ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात ७० चं काडतूस घालू नका. खिळीला थोडं ग्रीस लावा. खाडीकाठच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुसून पुन्हा लावा. आणि बंदूक बंद करताना फाटकासारखी आपटू नका.