दिवाळीनंतर रिकाम्या रानात मेंढरे बसवताना

दिवाळी आटोपली की पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि अहिल्यानगर भागांतील धनगरांचे वाडे (कुटुंबासह फिरणारे मेंढपाळांचे तळ) घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात. काही घाट उतरून कोकणातल्या भातखाचरांत जातात, तर काही देशावरच एका रानातून दुसऱ्या रानात फिरत राहतात. खतासाठी रात्री शेतकऱ्याच्या रानात कळप मुक्कामाला ठेवतात, यालाच मेंढरे बसवणे म्हणतात. या दिवसांत बाजरी, मका, सोयाबीनची राने रिकामी असतात आणि शेजारीच रब्बी ज्वारी गुडघ्याला लागलेली असते. त्यामुळे शेतकरी आणि मेंढपाळ यांच्यात वाद होतात ते प्रामुख्याने बांधावरून होतात.

या वादात नुकसान फक्त पिकाचे होते असे नाही, आणि हे दोघांनीही नीट समजून घ्यावे. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण बसून सुकलेल्या ज्वारीत आणि कापणीनंतर धसकटांना आलेल्या फुटव्यांत, सायनाइडचे विष तयार करणारा घटक असतो. असे पीक उपाशी मेंढरांनी भरभर खाल्ले की किराळ, म्हणजे या विषाची बाधा, लागते आणि उपचाराला वेळ न मिळता जनावरे दगावतात. म्हणून ज्वारीच्या कडेने कळप नेण्यापूर्वी त्याला थोडा वाळला कडबा खाऊ घालावा. धाप लागणे, तोंडाला फेस येणे, झटके येणे अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे, घरगुती उपायांत वेळ घालवू नये. मक्याच्या रानातही सावध राहावे. पडलेली कणसे शेतकऱ्याने आधीच वेचून घ्यावीत, कारण दाणे अति खाल्ल्याने मेंढ्यांच्या पोटात आम्ल वाढते आणि आंत्रविषाराचाही (आतड्यांत विष तयार होणाऱ्या रोगाचा) धोका असतो. आंत्रविषार व पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) यांचे लसीकरण झाले आहे का, हे मेंढपाळाने वाडा हलवण्यापूर्वीच पाहावे.

कपाशीच्या शेतात मात्र मेंढरांचा वेगळाच उपयोग आहे. डिसेंबरअखेर शेवटची वेचणी झाल्यावर फरदड (त्याच झाडांवर पुढे वाढवलेले पीक) न घेता शेतात शेळ्यामेंढ्या सोडल्या, तर उरलेली हिरवी बोंडे व पाने त्या खातात आणि बोंडांत दडलेल्या गुलाबी बोंडअळीचाही काही प्रमाणात नाश होतो. त्यानंतर पऱ्हाटी (कपाशीची उरलेली झाडे) उपटून शेत मोकळे करावे. परंतु शेवटची फवारणी कधी व कोणत्या औषधाची केली, हे शेतकऱ्याने न विचारता सांगायला हवे. याविषयी शंका असल्यास कळप त्या शेतात घालू नये.

आता खताविषयी. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते, तर लेंडीखतात सुमारे 3 टक्के नत्र, 1 टक्का स्फुरद आणि 2 टक्के पालाश असते. रात्री मेंढरे बसवल्यास मूत्रही थेट जमिनीत मुरते, हा लाभ विकतच्या लेंडीखतात मिळत नाही. मात्र वाघर (मेंढरे कोंडण्याचे जाळीचे कुंपण) रोज एकाच जागी लावली तर एक तुकडा जळतो आणि बाकीचे रान कोरडे राहते. म्हणून जागा रोज पुढे सरकवावी. मेंढरे उठल्यावर एक-दोन दिवसांत वखराची पाळी घालून लेंड्या मातीआड कराव्यात, कारण उघड्यावर राहिलेले नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जाते. अनेक ठिकाणी पैसे देऊन मेंढरे बसवली जातात आणि नंतर पंधरा-पंधरा दिवस लेंड्या उन्हात वाळत पडतात; एवढे मोल दिल्यावर हा आळस परवडणारा नाही. ज्या रानात मेंढरे बसली, तेथे पुढच्या पिकाची रासायनिक खताची मात्रा माती तपासूनच ठरवावी.

वाडा येण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी काही गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात. किती रात्री मुक्काम, मोबदला रोख की धान्यात, पिण्याचे पाणी कुठल्या विहिरीवरचे, कोणत्या बांधापलीकडे जायचे नाही, आणि नुकसान झाल्यास भरपाई कशी ठरवायची, हे गावातल्या दोन जाणत्या माणसांसमोर ठरलेले असावे. शेजाऱ्यालाही वाडा कोणत्या दिवशी येणार हे आधी कळवावे, म्हणजे त्याला आपल्या ज्वारीच्या कडेला काटेरी कुंपण करता येईल.