होळीला भरवलेल्या माद्या आता विणतील, रात्रीचं पाणी बघा

होळी पौर्णिमेच्या सुमारास नराकडे नेलेली सशाची मादी हनुमान जयंतीच्या मागेपुढे विणते. हिशेब ३१ दिवसांचा, एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे ऐन चैत्राच्या उन्हात. दर वर्षी याच पंधरवड्यात ससेपालकांचे फोन सुरू होतात. ‘मादीनं पिल्लं खाल्ली. पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येते. काढून टाकू का?’

माझा उलटा प्रश्न एकच असतो: रात्री तिच्यासमोर पाणी होतं का?

बहुतेक जण म्हणतात, निपल (पाइपाला लावलेली पाणी प्यायची तोटी) आहे की. निपल आहे, पण त्यात पाणी होतं का? पत्र्याच्या शेडवरची काळी टाकी दिवसभर तापते, पाइपातलं पाणी चहासारखं होतं आणि ससा गरम पाण्याला तोंड लावत नाही. संध्याकाळी वीज गेली की टाकी भरायची राहते. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर निपलची गोळी अडकून बसते, बाहेरून काही कळत नाही. माण भागातल्या एका शेडवर मी पहाटे स्वतः बोट लावून पाहिलं. शेवटच्या रांगेतल्या सगळ्या निपल कोरड्या होत्या आणि पिल्लं गेली होती तीही त्याच रांगेतली. मालक मात्र मादीची जात खराब म्हणत होते.

मादी बहुधा रात्री नाहीतर पहाटे विणते. विणताना अंगातलं पाणी जातं, लगेच दूध उतरायला लागतं. ती वार खाते, पिल्लांवरचं रक्त चाटून साफ करते. हे सगळं नैसर्गिक आहे. पण घशाला कोरड पडलेली मादी चाटायची थांबत नाही. चाटता चाटता कान, पाय कुरतडते आणि मग पुढचं होतं. हा माझा शेडवरचा अंदाज आहे, पण वाडगं ठेवायला लागल्यापासून असे प्रकार माझ्यासमोर फार क्वचित घडले.

म्हणून भरवल्यापासून २७व्या दिवसापासून एवढं कराच. संध्याकाळी पाइपातलं तापलेलं पाणी सोडून द्या. प्रत्येक निपल बोटाने दाबून बघा. ‘कालच बघितली’ चालणार नाही. शिवाय मातीचं जड, बसक्या बुडाचं वाडगं माठातल्या पाण्याने भरून पिंजऱ्यात ठेवा. प्लास्टिकचं ती उलथवते. वाडगं विणायच्या पेटीपासून लांब ठेवा, नाहीतर गादी ओली होईल. रात्री जेवण झालं की पुन्हा एक फेरी मारा, पहाटे पुन्हा एक. सात-आठ पिल्लांची मादी उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी सहज संपवते. वाडगं रिकामं दिसलं तर ती रात्रभर तहानलेली होती असं समजा.

दुकानदार या दिवसांत ‘पिल्लं खाण्यावर’ लिव्हर टॉनिक, कॅल्शियमची बाटली, कसलीतरी शांत ठेवणारी पावडर पुढे करतो. घेऊ नका. कोरड्या निपलखाली कॅल्शियम देऊन काय होणार? ते पैसे मातीची वाडगी आणि गोणपाट घ्यायला वापरा. खाद्यात अर्धा टक्का मीठ आणि खनिज मिश्रण असलं, प्रथिनं १६ ते १८ टक्के असली, वर लसूणघास किंवा दशरथ घास असला की पुरे. विणून झाल्यावर चिमूटभर गुळाचं पाणी मी देतो. पुस्तकात नाही, पण मादी आवडीने पिते आणि प्यायली हेच मला हवं असतं.

दुसरं कारण पेटी. २८व्या दिवशी पेटी आत गेली पाहिजे, साधारण ५० बाय ३० सेंटिमीटरची, तळाला भुसा, वर मऊ कोरडं गवत. विणायच्या दिवशी ठेवलेली पेटी तिला परकी वाटते आणि पिल्लं जाळीवर पडतात. तिसरं कारण भीती. मांजर, घूस, लग्नसराईतले फटाके. हा त्रास शेडच्या ज्या बाजूने होतो त्या बाजूला गोणपाट लावा.

पेटीपाशी गुरगुरणारी, पुढच्या पायांनी थापटणारी मादी वाईट नसते. ती राखण करते. हिरवा चारा पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला टाका, ती तिकडे गेली की पेटी बाहेर काढून पिल्लं मोजा. मेलेलं काढा. हाताला आधी त्याच पेटीतलं गवत चोळा. दिवसातून एकदाच. मादी दूधही बहुधा दिवसातून एकदाच, चार-पाच मिनिटं पाजते, त्यामुळे ‘पिल्लांजवळ जातच नाही’ म्हणून घाबरू नका. पोट गोल, तुकतुकीत असलं म्हणजे ती पाजते आहे.

बाकी नेहमीची कामं:

– एका पिंजऱ्यात एकच मोठी मादी.
– मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीकडे नाही.
– गाभण तपासणी १२ ते १४ व्या दिवशी, हलक्या हाताने.
– जास्तीची पिल्लं दोन-तीन दिवसांच्या आत, त्याच वयाच्या दुसऱ्या मादीखाली.
– पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी.
– खरूज: आयव्हरमेक्टिन १ टक्का, किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच किलोला ०.०५ मिलि, कातडीखाली, १४ दिवसांनी पुन्हा, पशुवैद्यकाच्या हातून. विणायला टेकलेल्या मादीला आत्ता नको.

पहिलटकरणीने पिल्लं खाल्ली तर तिला लगेच काढू नका. पाणी, पेटी, आडोसा नीट करून दुसरी वेळ द्या. सगळं नीट असताना दुसऱ्यांदाही तेच केलं तर मात्र ठेवू नका आणि तिची आधीची पिलावळही पैदाशीला धरू नका.

दुपारी मादी तोंड उघडून धापा टाकताना दिसली तर कान ओल्या फडक्याने पुसा. अंगावर बादली ओतू नका. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, बाजूचे गोणपाट अकरा ते चार ओले ठेवा, वारा मात्र अडवू नका. ज्या माद्या अजून भरवल्या नाहीत त्या आता राहू द्या. ३० अंशांच्या वर काही दिवस गेले की नराचं बीजही कमजोर होतं, माद्या रिकाम्या राहतात. पुढची जोडणी पाऊस पडून शेड थंड झाल्यावर करा. तोवर रात्रीची फेरी घरातल्या कोणाकडे आहे ते आजच ठरवा आणि त्याच्या हातात बॅटरी द्या.