लायसन्स मिळालं, आता पहिली गाडी आणि तिचा इन्शुरन्स कसा घ्यायचा

लायसन्स हातात आलं की लगेच शोरूमला पळू नका. पहिल्या सहा महिन्यांत गाडी गेटला घासणार, रिव्हर्स घेताना खांब लागणार, सगळ्यांचंच होतं, फक्त ते पंधरा लाखांच्या गाडीवर शिकायचं की चार लाखांच्या एवढं आपण ठरवायचं. म्हणून माझं स्पष्ट मत, ३-४ वर्षं जुनी छोटी गाडी घ्या, वॅगनआर, स्विफ्ट, आय१० असली, जिचे पार्ट तालुक्याला पण मिळतात. जानेवारी २०२२ च्या आधी बनलेली असेल तर एअरबॅग मोजा, तेव्हाच्या काही बेस मॉडेलला फक्त ड्रायव्हरचीच असायची. शेजारी आई बसणार असते ना, मग दोन हव्यातच.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा, आम्ही आल्यावर चालू करू. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आत चिखलाचा डाग दिसला तर गाडी पाण्यात होती समजा, २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला किती गाड्या बुडाल्या ते आठवा. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून विमा कधीपर्यंत आहे आणि लोन आहे का ते बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरून लोन काढायचा फॉर्म, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि नावावर करायला फॉर्म २९, ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरसी नावावर झाली म्हणजे पॉलिसी झाली असं नसतं! थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचं कव्हर, गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर १४ दिवसांत अर्ज करून स्वतःच्या नावावर करून घ्यावं लागतं. माझ्या मावसभावाने हे राहू दिलं, दोन महिन्यांनी गाडी डिव्हायडरवर गेली, क्लेम नाकारला आणि ४५ हजार घरातून गेले, तेही लग्नासाठी साठवलेले. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, पण आपल्याला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे थोडा फरक भरावा लागतो, तो भरा.

नुसतं थर्ड पार्टी कायद्याला पुरतं, नवीन ड्रायव्हरला नाही. फुल पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी आणि आपल्या गाडीचं नुकसान दोन्ही असलेली, घ्या, आणि झिरो डेप, म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून क्लेममधून पैसे न कापणारं जोड कव्हर, घ्याच, साधारण ५ वर्षांपर्यंतच्या गाडीला मिळतं. ते नसेल तर प्लास्टिकच्या पार्टला कंपनी निम्मेच पैसे देते, म्हणजे ८ हजारांच्या बंपरला ४ हजार आपले, आणि नवशिक्याचा पहिला बळी बंपरच असतो. प्रीमियम स्वस्त दिसला तर आयडीव्ही बघा, म्हणजे गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम, बऱ्याचदा तीच कमी केलेली असते. पावसात पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन प्रोटेक्शन पण जोडा.

छोट्या ओरखड्याला क्लेम करू नका. वर्षभर क्लेम नसेल तर पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या नुकसानीच्या कव्हरच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि एका क्लेमने शून्यावर येते. त्यात क्लेममागे १००० रुपये आपल्याला भरावेच लागतात. दीड हजाराचं काम खिशातून करून टाका. मोठं काही झालं तर मात्र गाडी हलवायच्या आधी चारही बाजूंनी फोटो काढा, कंपनीला फोन करा, आणि नुकसान तपासायला येणारा कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक बोल्टही खोलू देऊ नका.