कॅश गेममधून कधी उठायचं?

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये चिप्स संपेपर्यंत बसावं लागतं. कॅश गेममध्ये, म्हणजे जिथे चिप्स थेट पैशांच्या असतात तिथे, कुठलाही डाव संपला की उठता येतं, आणि बहुतेक जण ही मोकळीक नेमकी उलटी वापरतात. थोडं जिंकलं की घाईघाईने उठतात, हरायला लागलं की पहाटेपर्यंत खुर्चीला चिकटतात. यात नुकसान दोन्हीकडून होतं. जिंकत असताना समोरचे बिचकून असतात, तुमचं डोकं शांत असतं. हरताना तुमची घालमेल सगळ्या टेबलाला दिसते आणि लोक तुमच्यावर दाबून खेळतात. अशा सवयीने चांगल्या परिस्थितीतले तास कमी होत जातात, वाईटातले वाढत जातात.

म्हणून 'आज किती वर, किती खाली' हा आकडा या निर्णयातून जवळजवळ काढूनच टाका. नो-लिमिट होल्डेममध्ये (बेटला मर्यादा नसलेला पोकरचा प्रकार) १०० डावांमागे सरासरी ५ बिग ब्लाइंड (डावाआधी सक्तीने लावायच्या दोन बेटपैकी मोठी; लहान ती स्मॉल ब्लाइंड) कमावणारा खेळाडू चांगला समजला जातो. पण तेवढ्याच १०० डावांतलं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा चढउतार) ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. समोरासमोरच्या (ऑनलाइन नसलेल्या) टेबलावर तासाला २५ ते ३० डाव होतात, म्हणजे चार तासांत १०० ते १२०. एवढ्यात एक बाय-इन (बसताना विकत घेतलेल्या चिप्स) वर किंवा खाली असणं ही पानांची करामत आहे. तुम्ही कसे खेळलात हे त्यावरून कळत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: मी आत्ताच आत आलो असतो आणि ही खुर्ची रिकामी दिसली असती, तर या माणसांसमोर, एवढ्या चिप्स घेऊन, या अवस्थेत बसलो असतो का? दर वेळी डीलर बटन (डावागणिक पुढे सरकणारी खूण, ती ज्याच्यापुढे तो शेवटी बोलतो) आपल्यापुढे आलं की हे विचारायचं. नऊ जणांच्या टेबलावर ते साधारण वीस मिनिटांनी येतं.

आधी माणसं बघा. टेबलावरचा फायदा बहुधा एक-दोघांकडूनच येत असतो. कोणी निम्म्या डावांत नुसता लिंप करून (न वाढवता बिग ब्लाइंडएवढंच भरून) शिरतो, कोणी दुसऱ्या क्रमांकाच्या पेअरवर (जोडीवर) रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत, कॉल करत (समोरच्याच्या बेटएवढं भरत) जातो. असा खेळाडू कोण, हे अर्ध्या तासात बोट ठेवून सांगता आलं नाही तर टेबल बदलून मागा. तो उठून गेला तर लगेच पळू नका. त्याच्या जागी कोण येतं ते एखादी फेरी बघा. जागा रिकामीच राहिली तर गणित बदलतं. नऊ जणांत स्मॉल आणि बिग ब्लाइंड मिळून डावाला सरासरी ०.१७ बिग ब्लाइंड खर्च येतो, पाच जणांत तो ०.३ होतो. म्हणजे जास्त पानं खेळावी लागतात. कमी माणसांत खेळायचा सराव नसेल तर तिथेच उठा. सराव असेल तर रेक (पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कार्ड रूम कापते तो वाटा) कमी करता का, एवढं मात्र विचारून घ्या.

स्टॅकची खोली (पुढ्यात किती चिप्स आहेत) हा सर्वात दुर्लक्षित मुद्दा. 'खूप जिंकलो, आता उठतो' या म्हणण्यात तथ्य असलंच तर ते इथे आहे. समजा ३ बिग ब्लाइंडचं रेझ झालं (बेट वाढवली), एकाने कॉल केला आणि दोन्ही ब्लाइंड फोल्ड झाले (पानं टाकली). पॉट ७.५. पुढे फ्लॉप, टर्न, रिव्हरवर (मधली पहिली तीन, चौथं आणि पाचवं उघडं पान) पॉटएवढीच बेट लावली तर ७.५, २२.५ आणि ६७.५ मिळून ९७.५ होतात, म्हणजे १०० चा स्टॅक रिव्हरपर्यंत पुरता आत जातो. ४०० चा स्टॅक असेल तर एवढं होऊनही ३०० च्या आसपास मागे उरतात, आणि ते कधीही मध्ये येऊ शकतात. १०० वर टॉप पेअर (मधल्या सर्वात मोठ्या पानाशी जुळलेली जोडी), चांगला किकर (जोडीसोबतचं पान) घेऊन सगळं लावणं कित्येकदा बरोबर ठरतं. ४०० वर तीच सवय अख्खा स्टॅक घालवते.

पण फक्त स्वतःच्या चिप्स मोजू नका. धोका दोघांतल्या लहान स्टॅकएवढाच असतो. तुमच्यापुढे ४०० असून बाकी सगळे ८० वर असतील तर तुम्ही ८० चाच खेळ खेळताय, घाबरून उठायचं कारण नाही. ४०० वाला पट्टीचा खेळाडू तुमच्या लगेच डावीकडे बसलाय आणि जवळपास प्रत्येक डावात तुमच्यानंतर बोलतोय, तेव्हा मात्र आधी जागा बदलून मागा, नाही मिळाली तर उठा. याउलट हरून ४० वर आला असाल तर दोन डावांच्या मध्ये चिप्स भरून घ्या. भरायला हात धजत नसेल, तर प्रश्नाचं उत्तर मिळालंच.

आता स्वतःची अवस्था. टिल्ट (भावनेच्या भरात बिघडलेला खेळ) म्हणजे फक्त आदळआपट नव्हे. बऱ्याचदा तो गप्प असतो. मोजून बघा: नऊ जणांत फेरीला साधारण दोन डाव खेळले जातात. सलग दोन फेऱ्यांत प्रत्येकी चार-पाच डावांत शिरलात आणि पानं काही खास नव्हती, तर टिल्ट सुरू झालाय. सुरुवातीच्या (आधी बोलायच्या) जागेवरून वेगवेगळ्या रंगांचे राजा-नव्वी खेळावेसे वाटणं, शेजाऱ्याला हरलेल्या डावाची कहाणी ऐकवणं, 'बरोबरीत आलो की उठतो' हे वाक्य मनात येणं, ही बाकीची लक्षणं. थकव्याची परीक्षा याहून सोपी: शेवटच्या शोडाउनला (डावाअखेर पानं उघडताना) कोणी काय दाखवलं आणि पहिलं रेझ कुठून आलं, हे आठवत नसेल तर खेळ संपला.

तोट्याची मर्यादा मात्र ठेवा, तीन बाय-इन पुरेत. गणिताला तिची गरज नाही, डोक्याला आहे. तेवढेच पैसे सोबत आणा. टेबलावर बसून ठरवलेली मर्यादा हमखास वाढते. ती वारंवार मोडली जात असेल तर एका रात्रीपुरतं उठून भागणार नाही. बऱ्याच कार्ड रूम आणि साइट स्वतःवर बंदी घालून घ्यायची सोय देतात, ती वापरा.

उठायचं ठरलं की क्षणही निवडा. बिग ब्लाइंड तुमच्यावर येणार त्याच्या आधी उठा. बिग ब्लाइंडच्या डावीकडच्या जागेवरचा डाव फुकट बघायला मिळतो, तो पाहून घ्या. ब्लाइंड भरून लगेच उठणं म्हणजे त्याच पैशांत मिळणाऱ्या बटनजवळच्या चांगल्या जागा सोडून देणं. ऑनलाइन असाल तर पुढच्या बिग ब्लाइंडला बाहेर बसण्याचा पर्याय आधीच निवडून ठेवा. 'शेवटची फेरी' असं जाहीर करायची गरज नाही, आणि केलंत तर ती खरंच शेवटची असू द्या.

थोड्या चिप्स खिशात घालून त्याच टेबलावर खेळत राहणं नियमात बसत नाही. उठून लगेच परतलात तरी बहुतेक ठिकाणी ठरावीक वेळेच्या आत जेवढ्या चिप्स नेल्या तेवढ्याच घेऊन बसावं लागतं. त्यामुळे केवळ मोठा स्टॅक हलका करायला उठत असाल, तर दुसऱ्या टेबलाच्या यादीत आधी नाव घाला आणि मगच चिप्स उचला.