गांधीलमाशीचं रिकामं पोळं सजावटीसाठी कसं काढावं आणि कसं टिकवावं

येळवशीला, म्हणजे मराठवाड्यातल्या वेळ अमावास्येला, शेतात गेलं की आखाड्याच्या (शेतातल्या खोपीच्या) पत्र्याखाली हमखास एखादं राखाडी, उलट्या छत्रीसारखं पोळं लटकलेलं दिसतं. हे मेणाचं नसतं, कागदाचं असतं. उन्हापावसानं करडं पडलेलं लाकूड, मग ती माळवदाची जुनी तुळई असो, बैलगाडीचं जू असो की कुंपणाचा बाभळीचा खांब, गांधीलमाशी जबड्यानं खरवडते, लाळेत चावून त्याचा लगदा करते आणि पातळ पट्टीनं पसरवते. मोठ्या गांधीलमाशीच्या पोळ्याच्या पापुद्र्यावर भिंग धरून पाहा. एक पट्टी करडी, तिच्या शेजारची तांबूस, पुढची जवळजवळ पांढरी. एक पट्टी म्हणजे एका फेरीत आणलेला लगदा. लाकूड बदललं की रंग बदलतो. अशी वस्तू घरात जपून ठेवावीशी वाटली तर नवल नाही.

मात्र पोळं रिकामं झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी कातडीत अडकून तुटत नाही, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. एकीनं हल्ला केला की तिच्या विषाच्या वासानं बाकीच्याही उठतात. रॉकेल किंवा फवारा मारून काढलेलं पोळं सजावटीच्याही कामाचं राहत नाही. कागदावर तेलकट डाग पडतात, घरात विषाचा अंश येतो आणि पोळ्याच्या घरांत मेलेल्या अळ्या सडून आठवडाभरात वास सुटतो. शिवाय या माश्या पिल्लांना भरवायला कपाशी-तुरीवरच्या अळ्या उचलून नेतात. घरातल्या कोणाच्या वाटेत पोळं नसेल तर त्यांना हंगाम पुरा करू द्यावा. सोडून दिलेल्या पोळ्यात त्या सहसा परत नांदायला येत नाहीत, म्हणून थांबल्यानं काही बिघडत नाही.

पोळं कोणाचं आहे?

मराठवाड्यात साधारण दोन प्रकार हाती लागतात. पहिला म्हणजे उघडं पोळं. एकच थर, बारीक देठावर लटकलेला, घरांची तोंडं खाली, वर कसलंही आवरण नाही. आकार तळहाताएवढा, कधी ताटलीएवढा. पत्र्याखाली, खिडकीच्या सज्ज्याला, लिंबाच्या फांदीला हे सापडतं. नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी.

दुसरं मोठ्या गांधीलमाशीचं. माशी दोन-तीन सेंटिमीटरची, तांबूस किंवा काळपट अंगाची, पोटावर ठळक पिवळा पट्टा. तिचं पोळं बहुतेक आडोशाला असतं: पडक्या गढीच्या भिंतीत, बिळात, झाडाच्या ढोलीत, माळवदाच्या पोकळीत. आत थरांवर थर असतात आणि मधे छोटे खांब, थेट मजल्यांच्या इमारतीसारखे. फांदीला लटकलेले फुटबॉलएवढे कागदी गोळे चित्रात दिसतात, तसे आपल्याकडे शोधत बसू नका.

आग्या मोहोळ या कामात येत नाही. तो मेणाचा एकच मोठा पडदा असतो. माश्या उठून गेल्यावरही एप्रिलच्या उन्हात तो मऊ पडतो आणि त्याला मेणकिडा लागतो. अजिंठा-वेरूळसारख्या संरक्षित वास्तूंमधून आणि गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव अशा अभयारण्यांतून मात्र कसलंही पोळं, अगदी खाली पडलेलंसुद्धा, आणायचं नाही. तिथे कायदा आडवा येतो. आपल्या किंवा परवानगी घेतलेल्या दुसऱ्याच्या जागेतलंच पोळं घ्या. परवानगी मागतानाच विचारून घ्या की गेल्या सहा महिन्यांत त्यावर औषध मारलं होतं का. मारलं असेल तर ते सोडून द्या.

रिकामं झालंय हे कसं ओळखायचं?

मोठ्या गांधीलमाशीची वसाहत पावसाळ्यात वाढते, दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळ्यात भरलेली आणि सगळ्यात तापट असते, मग थंडीत ओसरते. संक्रांतीनंतर शोध सुरू करावा. पण कॅलेंडरवर विसंबू नका. पाण्याच्या टाकीजवळ, गोठ्याजवळ उघड्या पोळ्यांवर बारा महिने माश्या सापडतात.

पंधरा मीटरवरून, मोबाइलचा कॅमेरा झूम करून, वेगवेगळ्या तीन दिवशी प्रत्येकी वीस मिनिटं पाहा. वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीनची ठेवा. पौषातल्या गारठ्यात सकाळी सातला भरलेलं पोळंही निपचित दिसतं, आणि बहुतेकांची फसगत होते ती इथेच. तीन दिवसांत एकही माशी दिसली नाही तर आठवड्यानं चौथ्यांदा पाहा.

मुंग्या हा सर्वांत भरवशाचा पुरावा. गांधीलमाशी मुंगीला पोळ्यावर टिकू देत नाही. मुंग्या निर्धास्तपणे घरांतून ये-जा करत असतील तर राखण करणारं कोणी उरलेलं नाही. भोकाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं धूळ खात असेल, कागद फाटलेला असून कोणी सांधला नसेल, तर तीही चांगली खूण. दगड मारून किंवा धूर करून खात्री करायला जाऊ नका.

काढताना

सोबत दुसरा माणूस हवाच. पूर्वी डंखानं अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, चेहरा सुजला असेल, अशा माणसानं हे काम करू नये. पोळं रिकामं आहे असं वाटत असलं तरी फिकट रंगाचे जाड पूर्ण बाह्यांचे कपडे, पॅन्ट मोज्यात खोचलेली, हातमोजे, मधपाळ वापरतात तशी जाळीची टोपी आणि आत धुळीसाठी मास्क एवढं घालाच. अत्तर, सुगंधी तेल नको. परत फिरायची वाट मोकळी ठेवा.

वीजतारेजवळचं, विहिरीतलं किंवा बारवेच्या आतल्या बाजूचं पोळं कितीही सुंदर असलं तरी ते काढायचं नाही.

आधी लांब बांबूनं पोळ्याच्या बाजूच्या लाकडाला हलकेच टकटक करा, मागे फिरा आणि दहा मिनिटं थांबा. काही बाहेर आलं नाही तरच शिडी लावा.

उघड्या पोळ्याचा जीव देठात असतो. पोळं हातात धरून ओढलं की देठ तुटतो आणि मग ते टांगता येत नाही. खाली मऊ सुती कापड घातलेलं पुठ्ठ्याचं खोकं दुसऱ्याला धरायला सांगा, देठ जिथे चिकटलाय तिथे पुट्टी भरायची पातळ पात सपाट लावून हळूहळू सरकवा. फांदीवर असेल तर दोन्ही बाजूंना एक वीत सोडून फांदीच करवतीनं कापा. हे सगळ्यात सोपं आणि दिसायलाही सगळ्यात छान.

पोकळीतलं पोळं भोकातून ओढून काढता येत नाही, चुरा होतो. घरमालक भिंत उतरवत असेल किंवा ढोली आपोआप उघडी पडली असेल तेव्हाच ते मिळतं. गढीच्या पांढऱ्या मातीची भिंत स्वतः पोखरू नका, ती अंगावर येते. भोकात उघडा हात घालू नका, सोडलेल्या जागेत साप आणि विंचू राहायला येतात. थर एकेक करून, खालचा आधी, खांबांच्या जागी कापून घ्या आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यांत सुटे ठेवा.

डंख बसलाच तर

आधी तिथून दूर व्हा. अंगठी, कडं लगेच काढा, जागा साबणानं धुवा, बर्फ कापडात गुंडाळून ठेवा. श्वास जड होणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येणं यातलं एकही दिसलं तर लोखंड घासत, चुना लावत वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा. त्या वेळी अॅड्रेनालिनच्या इंजेक्शनचीच गरज असते. खूप डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडावर उशिरा दिसू शकतो.

किडी मारणं आणि वाळवणं

घरांची तोंडं नीट पाहा. पांढरं रेशमी झाकण बंद असेल तर आत कोष आहे. झाकण गोल कापलेलं असेल तर माशी बाहेर पडली. बंद झाकणं चार-दोनच असतील तर पोळं ठेवा, आतला मेलेला कोष चिमट्यानं काढता येतो. निम्मी घरं बंद असतील तर तो थर घरात नेऊ नका.

पोळं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. थंड कागदावर दमट हवेचं पाणी धरतं आणि तो लिबलिबीत होतो. एक दिवस बंदच राहू द्या. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा हेच करा, म्हणजे पहिल्या फेरीत वाचलेली अंडी फुटून आलेल्या किडीही मरतात. फ्रीजर नसेल तर एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या पिशवीत बांधून दहा ते चार असे तीन दिवस गच्चीवर ठेवा. यानं कागद ठिसूळ होतो, म्हणून रात्रभर सावलीत विसावल्यावरच हाताळा.

त्यानंतर दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा. धूळ मऊ रंगाच्या ब्रशनं झाडा, कधीही पाण्यानं पुसू नका. मजबुतीसाठी रंगाच्या दुकानातला पारदर्शक, चमक नसलेला अॅक्रिलिक स्प्रे ३० सेंटिमीटरवरून दोन पातळ हात द्या. जवळून किंवा एकदम जाड मारला तर पापुद्रा भिजून खचतो. व्हार्निश नको, त्यानं राखाडी पट्ट्यांवर पिवळट झाक येते आणि मूळचे रंग जातात. फेविकॉल फक्त देठापुरता.

मांडणी

उघडं पोळं जुन्या लाकडाच्या तुकड्याला मूळ देठानंच उलटं लटकवा. काचेच्या पेटीत ठेवलं तर तळाशी आरसा ठेवा, म्हणजे घरांची षटकोनी रचना वाकल्याशिवाय दिसते. मोठ्या पोळ्याचे थर मूळ क्रमानं, मधे पातळ काड्या देऊन रचा.

आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर चालतो, आणि कागदी पोळ्याला पावसाळ्याइतकाच त्याचा ओलावा बाधतो. कूलरच्या झोतात, स्वयंपाकघरात, देवघरातल्या समईजवळ ते ठेवू नका. पेटीत सिलिका जेलची २०-३० ग्रॅमची पुडी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. महिन्यातून एकदा पोळ्याखाली पाहा. पिठासारखा बारीक भुगा पडलेला दिसला तर आत किडा कागद पोखरतोय. त्याच दिवशी पोळं पिशवीत घालून पुन्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा.