मजकूर आधी, रंग मागाहून: कोकणात राहून वेब डिझाइन शिकणाऱ्यांसाठी

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या पट्ट्यात मी होमस्टेवाल्यांच्या, आंबा बागायतदारांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट करते. कॉलेजात जाणारी मुलंमुली भेटली की हमखास विचारतात, "ताई, हे शिकायचं कुठून? पुण्याला क्लास लावावाच लागेल का?" माझ्या मते लागत नाही. या कामाचं मूळ शिक्षण फुकट मिळतं, आणि त्यातल्या काही गोष्टी तर कोकणात बसूनच जास्त चांगल्या कळतात. त्या कोणत्या, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

साधनांचं आधी उरकून घेऊ. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप, क्रोम किंवा फायरफॉक्स आणि कोड लिहायला व्हीएस कोड एवढं पुरतं. वाचायला एमडीएन, सरावाला फ्रीकोडकॅम्प किंवा द ओडिन प्रोजेक्ट, या तिन्ही फुकट साइट. इंग्रजी अडत असेल तर स्पष्टीकरणात अडकून बसू नका. उदाहरण हाताने टाइप करा, त्यातली एक ओळ बदला आणि काय होतं ते बघा. पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून डेव्हडॉक्स या साइटवरची एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (पानाचं दिसणं) आणि जावास्क्रिप्ट (पानाचं वागणं) यांची माहिती आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. व्हीएस कोडला आणि गिटला (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनाला) नेट नसलं तरी चालतं. आधी एचटीएमएल, मग बरेच दिवस सीएसएस, आणि ते हातात बसल्यावर जावास्क्रिप्ट, हा क्रम मोडू नका. रिअ‍ॅक्ट वगैरे जावास्क्रिप्टवरची तयार साधनं कुठे पळून जात नाहीत.

पहिल्याच दिवशी जगातली पहिली वेबसाइट उघडून बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत ती उभी केली, १९९१ साली ती सगळ्यांसाठी खुली झाली, आणि तिचं पान आजही उघडतं. सीएसएसचा प्रस्ताव १९९४ मध्ये आला, म्हणजे या पानानंतर. त्यामुळे त्यावर ना रंग, ना सजावट. नुसता मजकूर आणि लिंका. पण आजच्या स्वस्तातल्या स्वस्त फोनवर ते झटकन उघडतं, ओळी स्क्रीनच्या रुंदीत आपोआप बसतात, काही अडत नाही. वेबचा मूळ स्वभावच असा लवचीक आहे. तो बिघडतो तो आपण वर चढवलेल्या थरांमुळे. हे एकदा मनात ठसलं की पुढचं शिकणं सोपं जातं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की डिझाइनची चित्रं बघत बसण्याआधी मजकूर गोळा करा. ओळखीत कुणाचा होमस्टे असेल तर तिथे एक सकाळ बसा आणि फोनवर पाहुणे काय विचारतात ते वहीत लिहून घ्या. समुद्र चालत किती लांब? गाडी खळ्यापर्यंत येते का? जेवणात मासे कोणते, आणि आमच्यातले दोघं शाकाहारी आहेत, त्यांचं काय? गरम पाणी मिळेल का? जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो त्याचं उत्तर पानावर सगळ्यात वर, त्याखालोखालचा त्याच्या खाली. पानाची मांडणी तुमच्या वहीत आयती तयार झालेली असते. यातूनच हेडिंग कुठे, यादी कुठे, तक्ता कुठे हे ठरतं, आणि एचटीएमएलचे टॅग घोकावे लागत नाहीत. भावासाठी तक्ता लागतो म्हणून तक्ता शिकता, फोन लावायचा असतो म्हणून फोनची लिंक शिकता.

पान झालं की ते ज्यांचं आहे त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. देवबागच्या एका काकींनी शहरातल्या कुणाकडून तरी साइट करून घेतली होती. ती मला दाखवायला त्यांनी भर दुपारी खळ्यातच फोनवर उघडली. वर किनाऱ्याचा मोठा फोटो हळूहळू उतरत होता. काकींनी फोन कपाळाजवळ नेला, हाताने सावली धरली आणि विचारलं, "ह्याच्यात रूमचो भाव खंय आसा गो?" भाव पानावर होता, पण पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरात. लॅपटॉपवर तोच रंग देखणा वाटतो. उन्हात तो नाहीसा होतो.

याचं मोजमाप ठरलेलं आहे. वेबवरचा मजकूर सर्वांना वाचता यावा म्हणून जे नियम आहेत त्यांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. रंगाच्या कोडमध्ये सहा वेळा नऊ असा लिहिला जाणारा राखाडी पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट निवडलं की उघडतात) रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा समोर येतो. काकींच्या पानावर अक्षरं जवळजवळ काळी केली, फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये बदलून फोनच्या रुंदीइतकाच ठेवला, भाव फोटोच्या वर घेतला. आपलं गिऱ्हाईक उन्हात, बोटीवर, एसटीत, एका काडीच्या रेंजवर पान उघडतं. डेव्हटूल्समध्ये नेटचा वेग मुद्दाम कमी करून बघता येतं, तेही करा. पण पान घेऊन प्रत्यक्ष बंदरावर जाण्याची सर त्याला नाही.

आता देवनागरी. हा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, आणि शिकवणीचे बहुतेक धडे इंग्रजी अक्षर गृहीत धरूनच लिहिलेले असतात, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार असतात. इंग्रजीसाठी ठेवलेली लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, मराठीला अपुरी पडते. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. मी १.७ च्या आसपास ठेवते आणि मग फॉन्ट बघून कमीजास्त करते. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, देवनागरीला देऊच नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, आणि बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं इटॅलिक नसतं. ब्राउझर अक्षर नुसतंच तिरकं करतो. मग ठळकपणा आणायचा तो जाडीतून, आकारातून आणि मोकळ्या जागेतून. ही अडचण वाटते, पण याच तीन गोष्टींवर काम केल्याने डोळा तयार होतो.

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचा कोड 'एमआर' आवर्जून लिहा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय केलेली असते तिथे एवढ्यानेच 'ल' आणि 'श' शाळेत गिरवलेल्या मराठी वळणाचे दिसू लागतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मजकूर कोणत्या भाषेत बोलायचा ते यावरूनच कळतं. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला मजकूर तसाच चिकटवू नका. 'वाऱ्यावर', 'किनाऱ्यावर' यांत 'ऱ' पाय मोडून 'य'ला जोडायचा असतो, आणि साधा 'र' टाइप केला की डोक्यावर रफार चढून भलताच शब्द होतो. कोकणच्या प्रत्येक पानावर किनारा आणि वारा असणारच, तेव्हा हे तपासण्याची सवय लावून घ्या.

फॉन्ट म्हणून मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मी बरेचदा वापरते. तो फुकट आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही शेजारी नीट बसतात, आणि सात जाड्यांमध्ये मिळतो. सातही उतरवू नका, प्रत्येक जाडीचं वजन पानावर पडतं. दोन पुरतात. जावास्क्रिप्टचा पहिला सराव म्हणून आंब्याच्या पेट्यांचा हिशोब करा: किती पेट्या, भाव काय, एकूण किती. आकडे मराठी पद्धतीने दाखवायची सोय भाषेतच आहे; 'एमआर-आयएन' सांगितलं की बेरीज थेट १,२५,००० अशी छापून येते. मात्र फोनच्या लिंकमध्ये आतला नंबर इंग्रजी आकड्यांतच ठेवा, नाहीतर फोन लागायचा नाही.

आणि प्रेरणा? सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवताना बघायला मिळतात. तिथे सावकाश जा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात १२ पानं, एकूण १२०. गटागणिक रंग आणि चिन्ह ठरलेलं: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. राजा आणि प्रधान लांबूनही ओळखू येतात, आणि उरलेल्या दहा पानांवर एकापासून दहापर्यंत चिन्हं त्याच छोट्या गोलात बसवलेली असतात. सात मासे गोलात कसे बसवायचे, म्हणजे न मोजता सात आहेत हे कळेल? हा प्रश्न कलाकाराने सोडवलेला तुमच्यासमोर असतो. घरी येऊन तीच मांडणी सीएसएस ग्रिडमध्ये (आडव्या-उभ्या रकान्यांत) करून बघा, गटांचे रंग सीएसएसच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या किमतींत, ठेवा, एक व्हेरिएबल बदलून मत्स्याचा गट कूर्माचा करा. मोठ्या कंपन्या ज्याला डिझाइन सिस्टिम म्हणतात ती यापेक्षा वेगळी नसते. कुणा कलाकाराचं चित्र उचलून आपल्या पानावर मात्र लावू नका. मांडणी शिका, चिन्हं आपली काढा.

याच्या जोडीला सीएसएस झेन गार्डन बघा. डेव्ह शे यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात एचटीएमएल सगळ्यांना एकच, आणि निरनिराळ्या डिझायनरांनी फक्त सीएसएस बदलून त्याला ओळखू येणार नाहीत अशी रूपं दिली आहेत. आवडलेल्या कुठल्याही पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा आणि एकेक नियम बंद करत जा. कोणत्या नियमाने काय तोलून धरलंय ते लगेच दिसतं. मोबाइलसाठी वेगळी साइट न करता एकच पान स्क्रीनप्रमाणे बदलू द्यायचं, हा रिस्पॉन्सिव्ह डिझाइनचा विचार ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये मांडला. तो समजून घ्यायलाही इन्स्पेक्ट उघडून नियम बंद करत बघायची हीच सवय कामी येते.

कामाबद्दल थोडं. इथे काम ऋतूवर चालतं. आंबा बागायतदाराला मार्च ते मे या काळात साइटबद्दल विचारू नका, त्याला जेवायलाही फुरसत नसते. होमस्टेवाले जुलै-ऑगस्टमध्ये मोकळे असतात; तेव्हा बसून मजकूर घ्या, फोटो मात्र पाऊस उघडल्यावर काढा, आणि दिवाळीच्या आत पान चालू करून द्या. गणपतीत कामाची वेळ कुणालाच देऊ नका, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात.

पहिलं काम ओळखीत कराल, तरी पैसे थोडे का होईना घ्या आणि काय करून देणार ते कागदावर लिहून द्या. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, नेहमी मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलने घ्या, आपल्या नावावर कधीच नको. दुसऱ्याच्या नावावर घेतलेलं डोमेन पुढे सुटता सुटत नाही, आणि ऐन सीझनमध्ये साइट बंद पडलेली माणसं मी बघितली आहेत. पासवर्ड त्यांच्याच वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या, आणि डोमेनचं नूतनीकरण कधी आहे ती तारीख त्यांच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून मगच उठा.